आईचं ‘कायतरीच’

माझ्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि बोलायचीही ती बेतानंच. पण एक शब्द दिवसातून वीस वेळा तरी तिच्या तोंडी यायचा. ‘कायतरीच.’ शहाणीसुरती माणसं ‘काहीतरीच’ म्हणतात. आमच्या भवानी पेठेत इतकं सावकाश बोलायला कुणाला सवड नव्हती.

एखादी गोष्ट मानायची नसली की ती मान जराशी बाजूला करायची, हातातलं काम चालूच ठेवायची आणि म्हणायची, कायतरीच. झालं. पुढे वाद नाही, भांडण नाही. मला लहानपणी या शब्दाचा फार राग यायचा. मी मुळातच तापट, शेंडेफळ म्हणून थोडी लाडावलेलीही, आणि आपण खरं बोलतोय हे समोरच्यानं कबूल केल्याशिवाय मला जेवण गोड लागत नसे.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक तेलुगू विणकराचं घर होतं. त्या घरातल्या बाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची. अक्कांना एखादी गोष्ट पटली नाही की त्या म्हणायच्या, ‘अबद्धं.’ कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली कानडी आजी म्हणायची, ‘सुळ्ळ.’ दोन्हींचा अर्थ एकच, खोटं. ते मला बरं वाटायचं. खोटं म्हटलं की भांडता येतं, गळ्याची शपथ घेता येते, साक्षीदार आणता येतो. आईच्या कायतरीचपुढे साक्षीदाराचं काही चालत नसे, कारण ती तुम्हाला खोटं ठरवतच नव्हती. शेजारणीचं भांडं चुकून आपल्याकडे आलं तर ते घासूनपुसून परत करतात, तशी ती तुमची गोष्ट तुमच्या हातात परत द्यायची. एवढं सगळं मला तेव्हा कळत नव्हतं. तेव्हा मी नुसते पाय आपटायची.

वाईट बातमीला ती कायतरीच म्हणायची आणि चांगल्या बातमीलाही. गावात विजेचे दिवे येणार असं थोरल्या भावानं सांगितलं तेव्हा म्हणाली. भाकरी छान झाली म्हटलं तरी म्हणायची, पण तेव्हा आवाज उतरायचा आणि पदर तोंडाशी जायचा. थोरले दोघे भाऊ मिलमध्ये जात. पहाटे भोंगा झाला की ते बाहेर पडायचे आणि मग घरात मी, आई, वडील म्हणजे आबा, आणि माग एवढेच उरायचो. मागाला मी माणसांत धरते, कारण सर्वांत जास्त तोच बोलायचा.

आबा लुगडी विणायचे. आईकडे सांधणी होती. ती म्हणजे काय ते सांगते. लुगड्याचे उभे धागे, म्हणजे ताणा, विणून संपत आला की त्याची टोकं मागावर तशीच राहू द्यायची. मग नवा ताणा आणायचा आणि त्याचा एकेक धागा जुन्या टोकाला पीळ देऊन जोडायचा. दोन-अडीच हजार धागे. चिमटीला चुलीतली राख लावायची, दोन टोकं जुळवायची, एक पीळ, की पुढचा. आईनं दिलेला पीळ आबांच्या मागाच्या फणीतून असा जायचा की आवाजातसुद्धा फरक पडत नसे. पेठेतल्या दुसऱ्या घरांतूनही तिला बोलावणं यायचं. आईला अभिमान असा दुसऱ्या कशाचाच नव्हता. त्या कामाचं कौतुक केलं की मात्र ती कायतरीच म्हणत नसे. गप्प बसून ऐकून घ्यायची.

मी दहा वर्षांची असेन. आईच्या डोळ्यांना कमी दिसू लागलं ते सर्वांत आधी माझ्या लक्षात आलं, कारण तिचं कुंकू रोज थोडं सरकायला लागलं. एक दिवस डाव्या भुवईकडे, एक दिवस नाकाकडे. मी म्हटलं, आई, कुंकू वाकडं लागलंय. ती म्हणाली, कायतरीच. आरशापुढे उभी राहिली, स्वतःकडे पाहिलं आणि कुंकू तसंच ठेवून चुलीकडे गेली. दुसऱ्या दिवसापासून मी सांगायचं सोडलं. ‘आई, घाम आलाय तुला,’ असं म्हणून ओल्या बोटानं नीट करून द्यायची. दोन वर्षं आमच्या घरात बारा महिने घाम येत होता.

मग खुणा वाढत गेल्या. सुईत दोरा मी ओवायची. निवडलेल्या डाळीत खडे निघायचे आणि त्याचा दोष वाण्याला मिळायचा. एकदा गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला तिनं आपला भाऊ समजून दहा मिनिटं माहेरची ख्यालीखुशाली विचारली, आणि तो बिचाराही सगळं बरं आहे म्हणत राहिला. आम्ही हसलो. आईही हसली. पण मी सरळ विचारलं, ‘आई, तुला नीट दिसत न्हाई का?’

‘कायतरीच. दिवा बारीक हाय,’ ती म्हणाली.

दुपारचे बारा वाजले होते.

आबांनी एकदा दवाखान्याचं नाव काढून पाहिलं. तिनं तेही परत केलं. डोळे गेले म्हणजे सांधणी गेली, हे ती जाणून होती. म्हणून तिचा सगळा जोर त्या एका शब्दावर होता. आज मला ते इतकं उघड दिसतं की माझीच मला लाज वाटते. तेव्हा मला वाटायचं, ही बाई हट्टी आहे.

संक्रांतीआधी एक काळा ताणा आला. काळं पोत, म्हणजे मधलं अंग, आणि लाल काठ, दोन लुगड्यांपुरता. संक्रांतीला बायका काळं नेसतात, म्हणून त्या दिवसांत काळ्याला मागणी असायची. ताण्यातले धागे ओळीनं राहावेत म्हणून त्यांतून एक दोरी ओवलेली असते. त्या ताण्याची दोरी एका टोकाला सुटून तिथले धागे सरमिसळ झाले होते. पूर्वी आईनं ते दुरून ओळखलं असतं. ती राखेत बोटं बुडवून सांधायला बसली, आणि अलीकडे बसवून घ्यायची तसं मला शेजारी बसवून घेतलं. म्हणे, गप्पा मारायला.

मी पाहिलं. काठाचे लाल धागे संपायच्या आधीच तिनं काळे उचलले, आणि मग राहिलेले लाल, आठ धागे, आत काळ्यात जोडले. मी म्हटलं, आई, लाल काळ्यात गेले. कायतरीच, ती म्हणाली. मी म्हटलं, मी बघतेय की. ती म्हणाली, तू जन्मायच्या आधीपासनं सांधतीया मी. तिचा आवाज चढला नव्हता, पण हात थांबले होते आणि ती त्या धाग्यांवरून नुसती बोटं फिरवत होती. बोटांना रंग कुठून कळणार? मी त्या वेळी बोट ठेवून दाखवलं असतं, एकेक धागा मोजून सांगितला असता, तर कदाचित ती मानली असती. मी रागानं उठले आणि अक्कांकडे जाऊन बसले. जा, घाल गोंधळ, असं मनात म्हणाले. हे मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी आबा विणायला बसले. वीतभर कापड झालं आणि माग थांबला. समोर आई रहाटावर आडव्या धाग्याच्या कांड्या भरत होती. तिनं मान वर न करता विचारलं, काय झालं. माग थांबला की तिला कळायचंच. आबा म्हणाले, धागा तुटला. क्षणभर ते कापडाकडे पाहत राहिले आणि मग धोटा पुन्हा इकडून तिकडे धावू लागला. मी जाऊन पाहिलं. लाल काठापासून बोटभर आत, काळ्या पोतात, एक बारीक लाल रेघ सरळ निघाली होती. काठात तेवढीच काळी रेघ. आता ती दोन्ही लुगड्यांत टोकापासून टोकापर्यंत जाणार होती.

मी आबांना अंगणात गाठलं. म्हटलं, आई पाण्याला गेली की ते आठ धागे तोडून नीट जोडून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. आबांनी तंबाखू मळत माझ्याकडे पाहिलं.

‘ती रोज सकाळी ताण्यावरनं हात फिरवती,’ ते म्हणाले. ‘माझ्या गाठी तिच्या बोटाला लागतील. तिला कळंल की.’

‘मग कळू द्या.’

‘कळंल तवा कळंल. माझ्या हातनं न्हाई.’

आणि त्यांनी ती दोन्ही लुगडी तशीच विणली. ज्या माणसानं एका तुटक्या धाग्यासाठी हातभर कापड उसवलेलं मी पाहिलं होतं, त्यानं अठरा वार चूक डोळ्यांसमोर ठेवून विणली. त्या दिवसांत ते मागावर बसले की गुणगुणायचेही नाहीत.

असलं लुगडं बाजारात विकण्यासारखं नव्हतं. आबांनी एक आणून आईच्या मांडीवर ठेवलं. म्हणाले, हे तुला. लोकांना वाटतं विणकराच्या बायकोला लुगड्यांना काय तोटा. खरं म्हणजे मागावरचं सगळं बाजारात जायचं आणि आई सदा जाडंभरडं नेसायची. तिनं पोतावरून हात फिरवला, काठ चाचपला. ‘मला?’ ती म्हणाली. ‘कायतरीच.’ तिच्या तोंडून मी ऐकलेलं ते सर्वांत सुखाचं कायतरीच होतं. मी तिथून उठून गेले, कारण मला रडू येत होतं आणि रडण्याचं कारण सांगता आलं नसतं.

दुसरं लुगडं आबांनी अक्कांना दिलं. अक्कांनी ते उलगडलं आणि त्यांच्या लगेच ध्यानात आलं, विणकराच्याच घरातल्या त्या. एक शब्द बोलल्या नाहीत. संक्रांतीला दोघी तीच लुगडी नेसून शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एकीच्या अंगावर ती चूक दिसली असती. दोघींच्या अंगावर ती पद्धत दिसत होती. पुढच्या ताण्यापासून अक्कांची मुलगी सांधणी शिकण्याच्या निमित्तानं आईपाशी येऊन बसू लागली. ती धागा उचलून हातात द्यायची, आई पीळ द्यायची. पोरीला अजून लई शिकायचंय, असं आई कौतुकानं सांगायची.

आमच्याकडे संक्रांतीला गड्ड्याची जत्रा असते. नंदीध्वजाच्या उंच काठ्या मिरवत निघतात, साऱ्या पेठा रस्त्यावर येतात. आबा पुढे चालायचे आणि आई मागे, त्यांच्या उपरण्याचं टोक मुठीत धरून. बायकोनं नवऱ्याचं उपरणं असं चारचौघांत धरणं तेव्हा कुणाला शोभत नसे. अक्कांनी चेष्टा केली तर आई म्हणाली, गर्दीत हेच हरवतात, म्हणून धरावं लागतं.  आबा हळू चालायला लागले तेवढंच.

लुगडं घडीतून काढून द्यायचं काम माझ्याकडे होतं. ते दोन्ही अंगांनी सारखं विणलेलं होतं, कसंही नेसता आलं असतं. मी नेहमी असं हातात द्यायची की रेघेचा काठ खाली पायाशी जाईल. पायाशी कोण बघतं?

पुढे माझं लग्न झालं आणि मी करमाळ्याला गेले. सासूबाईंनी पहिल्यांदा माझ्या हातच्या आमटीचं कौतुक केलं तेव्हा माझ्या तोंडून आपसूक आलं, कायतरीच. हातात पळी तशीच राहिली. माझ्याच आवाजात आई बोलली होती, आणि मला इतकी आठवण आली की मी फोडणी करपवली. सासूबाईंनी कौतुक तिथंच आवरतं घेतलं.

मी घरी नसताना आबांनी शेवटचा डाव टाकला. थोरल्या भावानं ते मला नंतर सांगितलं. शहरात डोळ्यांचे डॉक्टर आले होते. आबा दोन दिवस मुद्दाम चाचपडत चालले, पाण्याचा तांब्या एकदा सांडला, आणि आईला म्हणाले की माझे डोळे गेले, मागावर मला धागा दिसत नाही. आबांना खोटं बोलायला अजिबात येत नसे. ते खोटं बोलू लागले की कान चोळायचे. आईनं म्हटलंच, कायतरीच. पण ती रात्रभर जागी राहिली आणि सकाळी स्वतःच म्हणाली, चला, मी येते बरोबर, तुमाला एकट्याला कुटं सोडू. स्वतःसाठी तिनं तो उंबरा ओलांडला नसता.

दवाखान्यात आबांनी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं. डॉक्टरांनी आधी आबांचे डोळे पाहिले, मग आलाच आहात तर म्हणून आईचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. काढला तर दिसेल, ठेवला तर जे अंधुक दिसतंय तेही जाईल. भाऊ सांगत होता, आम्ही सगळे तिचा शब्द यायची वाट पाहत होतो. तो आला नाही. आई खाली मान घालून बसली आणि थोड्या वेळानं तिनं विचारलं, ‘यांचे डोळे तर चांगले हायत न्हवं?’

ऑपरेशनला मी करमाळ्याहून आले. डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही, असे दिवसच्या दिवस ती पडून होती. मी घास भरवायची. तिचं कपाळ कोरं होतं, कुंकू पट्टीखाली गेलं असतं. तिनं एकदा हळूच विचारलं, ‘कुंकू तू सरळ करायचीस, व्हय की न्हाई?’ मी म्हटलं, घाम यायचा तुला. ती तेवढंच हसली.

जाड भिंगांचा चष्मा लागला. घरी आल्यावर पहिले काही दिवस ती नुसती पाहत हिंडायची. माझ्या गालावर तीळ आहे तो वाढलाय म्हणाली. आबांच्या मिशा कधी पांढऱ्या झाल्या म्हणाली, आणि त्यांच्याकडे इतकी पाहत राहिली की ते उठून बाहेर गेले. मी घाबरलेले होते ते दुसऱ्याच गोष्टीला. संक्रांत चार दिवसांवर आली होती. ते लुगडं कुठेतरी लपवावं, उंदरांनी कुरतडलं असं सांगावं, असं मी आबांना म्हटलं. आबा म्हणाले, नको, तिचं आहे ते.

आईनं दुपारी आपणच ट्रंक उघडली. लुगडं घेऊन दारात उजेडाला बसली. आबा मागावर होते. मी शेंगा फोडत होते. तिनं पहिली घडी उलगडली आणि चष्मा सारखा केला. मग दुसरी घडी, तिसरी. ती रेघेवरून बोट नेत होती, वारामागून वार, पदरापर्यंत. मग परत आली आणि काठात शिरलेली काळी रेघ पाहिली. अशी चूक कशी होते हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

‘हे कुणी सांधलं?’ तिनं विचारलं.

माग थांबला. आबांनी कान चोळला.

‘मीच की,’ ते म्हणाले. ‘तू माहेरी गेली व्हतीस, तवा.’

त्या संक्रांतीच्या आगेमागे ती माहेरी गेलीच नव्हती. आईनं चष्म्यातून त्यांच्याकडे पाहिलं.  तिला सगळं कळलं होतं. रेघ कुणाची, ती कुणी पाहिली, कुणी गप्प राहिलं, अक्कांना तसलंच लुगडं का मिळालं, सगळं.

‘कायतरीच,’ ती म्हणाली.

इतक्या मायेनं तिनं तो शब्द आधी कधी उच्चारला नव्हता. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि धोटा हातात घेतला, पण लगेच चालवला नाही. मी शेंगांची पाटी उचलून परसात गेले आणि तिथं पोटभर रडले.

संक्रांतीला मी नेहमीसारखं लुगडं काढून दिलं, रेघेचा काठ खाली येईल असं. आईनं ते माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि नेसली. रेघ वर आली. पदर डोक्यावर घेतल्यावर ती लाल रेघ तिच्या कपाळाच्या वर स्पष्ट दिसत होती. कुंकू तिनं स्वतः लावलं, अगदी मधोमध. अक्का दारात आल्या, तिच्या पदराकडे पाहिलं, आणि परत आपल्या घरात जाऊन त्याही लुगडं उलटं नेसून आल्या.

आम्ही जत्रेला निघालो. काठ्या निघायची वेळ झाली होती, पाय ठेवायला जागा नव्हती. आबा सवयीनं पुढे झाले. आई त्यांच्या मागे गेली आणि तिनं त्यांच्या उपरण्याचं टोक मुठीत धरलं. माझा जुना स्वभाव उफाळून आला.

‘आई, आता दिसतंय की तुला सगळं,’ मी म्हटलं.

‘कायतरीच,’ आई म्हणाली, आणि टोक सोडलं नाही.